प्राध्यापकाचे मत आणि विद्यार्थ्याचे गुण

पुण्यात प्राध्यापकांचे राजकारण कधी फारसे लपून राहिलेले नाही. कोण समाजवादी, कोण संघाचे, कोण आंबेडकरी चळवळीतले, कोण शेतकरी संघटनेचे, हे दिवाळीच्या सुट्टीआधीच मुलांना कळलेले असते. सर वर्तमानपत्रात लिहितात, मॅडम मोर्चात दिसतात, कुणी विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीत पॅनेलमधून उभे राहतात. यात नवे काही नाही. मात्र पालक आणि विद्यार्थी काळजीने एक गोष्ट विचारतात. सरांचे मत माझ्या मताच्या विरुद्ध असेल, तर ते मला नीट शिकवतील का? आणि माझे गुण कापतील का?

ही काळजी रास्त आहे. 'प्राध्यापकांनी राजकारणापासून लांब राहावे' एवढे सांगून ती मिटत नाही, कारण गप्प बसणारा शिक्षकही पक्षपाती असू शकतो आणि उघडपणे एका बाजूचा असलेला शिक्षक काटेकोर न्यायी असू शकतो. माझ्या मते न्याय तीन ठिकाणी तपासायचा असतो: विरुद्ध बाजू वर्गात किती ताकदीने मांडली जाते, विद्यार्थ्याला उलट बोलता येते का, आणि गुण देताना मत बाहेर ठेवले जाते का. पुण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हे समजायला फार उपयोगी पडतो.

मत असायला बंदी आहे का?

नाही. उलट राज्यघटनेने शिक्षकाचे राजकीय मत गृहीतच धरले आहे. अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा पदवीधरांनी आणि तेवढ्याच शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक हे मतदारसंघ त्यातूनच आले. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे त्यांत येतात. वर्गात शिकवणारा माणूस इथे मतदार असतो, प्रचारक असतो आणि पुष्कळदा उमेदवारही असतो.

सरकारी महाविद्यालयांची गोष्ट वेगळी. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिक्षक हा शासकीय कर्मचारी असतो. त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात आणि राजकीय पक्षाचे सदस्यत्व घेता येत नाही. संस्थांनी चालवलेल्या अनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचा पगार शासनाच्या तिजोरीतून येतो, पण ते नागरी सेवेत नसतात. निवडणूक लढवलेले बहुतेक प्राध्यापक याच वर्गातले.

फर्ग्युसनमधला पहिला वाद

२ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा एकाच संस्थेत, एकाच पगारावर, परस्परविरोधी मतांची माणसे शिकवत होती. आगरकर सामाजिक सुधारणा आधी म्हणत होते, टिळक स्वराज्य आधी म्हणत होते. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. दोघे एकमेकांवर छापील कोरडे ओढत होते आणि सकाळी एकाच आवारात तास घेत होते. विद्यार्थी दोन्ही वाचत होते.

१८९० मध्ये टिळकांनी फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. हे भांडण सुधारक विरुद्ध सनातनी एवढेच होते, असे सरसकट सांगितले जाते. तो ताण होताच. पण संस्थेतला प्रत्यक्ष वाद आजीव सदस्यांच्या नियमांचा होता: सर्वांना समान पगार असावा, बाहेरून कमाई करू नये, आपला वेळ संस्थेला द्यावा. त्याच संस्थेत शिकवणाऱ्या गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा टिळकांनी जोरदार हरकत घेतली. शिकवण्याला वाहून घेतलेल्या माणसाने एवढे बाहेरचे काम अंगावर घ्यावे का, हा त्या हरकतीचा गाभा होता.

मला हा मुद्दा आजही फार महत्त्वाचा वाटतो. राजकारणी प्राध्यापकाकडून विद्यार्थ्यावर होणारा सर्वांत सरळ अन्याय हा बुडालेल्या तासाचा असतो. निवडणुकीच्या हंगामात महिनाभर वर्गावर न आलेले सर कुठल्या पक्षाचे होते, याने अभ्यासक्रम पूर्ण न झालेल्या मुलाला काही फरक पडत नाही.

१८९२ मध्ये आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे नुकतेच पेटून शांत होत होते. ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली असे सांगितले जाते, त्या माणसाकडे सदाशिव, शनिवार आणि नारायण पेठेतली कर्मठ घरे आपली मुले शिकायला पाठवत होती. त्या पालकांना प्राचार्यांची मते पटत होती असे मुळीच नाही. ती मते लेखणीतून कळत होती आणि शिकवणे वर्गात कळत होते. दोन्ही वेगवेगळे तोलता येत होते, कारण दोन्ही उघड होते.

दहा रुपये दंड

ऑक्टोबर १९०५ मध्ये, वंगभंगाच्या रोषात, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढे होता फर्ग्युसनचा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे, १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, मताने नेमस्त. त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. टिळकांनी 'केसरी'तून त्यावर कठोर टीका केली. देशाच्या प्रश्नात भाग घेणाऱ्या मुलाला शिक्षा करणारे आमचे गुरूच नव्हेत, असा तिचा रोख होता.

प्राचार्यांनी चूक केली असे मला वाटते. महाविद्यालयाच्या आवाराबाहेर केलेल्या राजकीय कृतीबद्दल विद्यार्थ्याचे छप्पर काढून घेणे ही शिस्त म्हणून पटत नाही, आणि नेमस्त प्राचार्याने जहाल विद्यार्थ्याला केलेली ही शिक्षा निःपक्षपाती होती, असे त्या वेळी कुणाला पटवून देणे अवघडच होते. पण याच प्रकरणात दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. सावरकर त्याच वर्षअखेरीस बी.ए. झाले. परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती. शिकवणारे आणि शिस्त लावणारे हात वेगळे होते, उत्तरपत्रिका तपासणारे हात वेगळे होते. परीक्षेच्या या पद्धतीवर टीका करण्यासारखे पुष्कळ होते, पण प्राचार्याचा राग गुणपत्रिकेपर्यंत पोचायला त्यात फारशी वाट नव्हती.

१९०७ मध्ये भारत सरकारचे गृहसचिव रिस्ले यांचे परिपत्रक आले आणि विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी राजकीय चळवळींत भाग घेण्यावर निर्बंध आणायचा प्रयत्न झाला. अनुदान आणि मान्यता हातात असलेले सरकार शाळा-महाविद्यालयांना काय सांगू शकते, याचा तो नमुना होता. 'वर्गात राजकारण नको' ही मागणी अनेकदा वरून येते, आणि तेव्हा तिचा अर्थ 'सत्तेच्या विरोधातले राजकारण नको' एवढाच असतो. ही मागणी आपणही करतो तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे.

ग. प्र. प्रधानांचे उदाहरण

फर्ग्युसनमध्येच वीसेक वर्षे इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान हे उघड समाजवादी होते. १९६६ मध्ये ते पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले आणि अठरा वर्षे आमदार राहिले, विरोधी पक्षनेते झाले. आणीबाणीत येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांच्याबद्दल सांगायची गोष्ट त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या लेखनात आहे. 'साता उत्तरांची कहाणी' या पुस्तकात त्यांनी वेगवेगळ्या राजकीय विचारसरणीची माणसे उभी केली आणि प्रत्येकाला आपली बाजू मनापासून मांडू दिली. ज्या विचाराशी आयुष्यभर झगडले, तोही त्यांनी आतून समजून घेतला. अ. के. भागवतांबरोबर टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारा हा माणूस समाजवादी होता, हेही लक्षात घ्यावे.

शिक्षकाकडून मला हीच अपेक्षा आहे. आपल्याला न पटणारी बाजू त्या बाजूच्या माणसालाही पटेल अशी मांडता येणे हे कौशल्य आहे. ते सरावाने येते, नुसत्या सज्जनपणाने येत नाही.

पक्षपात कुठे शिरतो?

अर्थशास्त्राचा तास घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये उठवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तिन्ही जिल्हे आहेत. म्हणजे एकाच बाकावर लासलगावच्या बाजूच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि कोथरूडमध्ये आठवड्याची भाजी घेणाऱ्या घरातली मुलगी बसलेली असू शकते. सर शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या विचाराचे असतील, तर निर्यातबंदी म्हणजे शेतकऱ्याची लूट, असे ते तळमळीने सांगतील. सांगू देत. पण भाव कडाडले की शहरातल्या गरिबाच्या ताटावर काय परिणाम होतो, सरकार निवडणुकीच्या तोंडावर आणि निवडणूक नसतानाही असे निर्णय का घेते, राखीव साठा कसा चालतो, आणि डाव्या अर्थतज्ज्ञांचा खुल्या बाजारावर नेमका आक्षेप काय, हे त्यांनी तेवढ्याच नेटाने सांगितले पाहिजे. सांगितले नाही, तर लासलगावच्या मुलाचेही नुकसान होते. त्याला आपल्या बाजूची वाक्ये पाठ होतात आणि समोरच्याचे उत्तर देता येत नाही.

पक्षपाताच्या जागा बहुतेक वेळा बारीक असतात. कुणाच्या प्रश्नाला पाच मिनिटे मिळतात आणि कुणाच्या प्रश्नाला 'ते नंतर बघू' मिळते. एका पक्षाच्या चुकांची उदाहरणे नावानिशी येतात, दुसऱ्याच्या चुका 'काही सरकारे' अशा मोघम शब्दांत जातात. एका नेत्यावर विनोद होतो, वर्ग हसतो, आणि त्या नेत्याला मानणारी दोन-तीन मुले खाली पाहत वहीत रेघोट्या ओढतात. त्या हशाचा मुलांवर होणारा परिणाम मला तासभराच्या भाषणापेक्षा जास्त वाटतो. भाषणाला उत्तर देता येते, हशाला देता येत नाही.

वाचायला दिलेली यादी ही आणखी एक जागा. आणीबाणी शिकवताना फक्त तुरुंगात गेलेल्यांची आत्मचरित्रे दिली, किंवा आरक्षण शिकवताना फक्त न्यायालयीन निकालांचे विरोधातले भाग दिले, तर वर्गात एक शब्द न बोलता मत पोचते. 'मी राजकारण बोलतच नाही' म्हणणाऱ्या शिक्षकाने आपली वाचनयादी एकदा या नजरेने पाहावी.

आणि विषयाशी संबंध नसताना केलेले भाषण? उष्मागतिकीच्या तासाला पंधरा मिनिटे निवडणुकीवर बोलणाऱ्या सरांचे मत कितीही योग्य असो, ती पंधरा मिनिटे विद्यार्थ्यांची होती. इथे फार विचार करावा लागत नाही. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, मराठी साहित्य, समाजशास्त्र या विषयांत मात्र राजकारण वगळून शिकवताच येत नाही. दलित साहित्य शिकवताना जातिव्यवस्थेबद्दल तटस्थ राहा असे कुणी सांगू लागले, तर त्याला त्या साहित्याचा आशयच नको आहे. दोन बाजू असलेले प्रश्न आणि पुराव्याने मिटलेले प्रश्न यांतला फरकही शिक्षकानेच सांभाळायचा असतो. निर्यातबंदी योग्य की अयोग्य यावर दोन बाजू आहेत. अस्पृश्यता वाईट होती की नाही यावर नाहीत.

आडनाव, हजेरी आणि अंतर्गत गुण

विद्यार्थ्याला खरी भीती गुणांची असते. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. फोटोकॉपी मागवता येते, पुनर्मूल्यांकन होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, तेव्हापासून हा आधार आणखी पक्का झाला.

अंतर्गत गुणांचे तसे नाही. चाचणी, प्रकल्प, सादरीकरण, तोंडी परीक्षा आणि हजेरी हे सारे वर्गशिक्षकाच्या हातात असते. श्रेयांक पद्धतीत या गुणांचा वाटा वाढत गेला. पदवीला साधारण ३० गुण अंतर्गत आणि ७० बाहेरचे, पदव्युत्तरला अनेक ठिकाणी निम्मे-निम्मे. फर्ग्युसनसारखी स्वायत्त महाविद्यालये तर आता परीक्षाही स्वतःच घेतात. १९०५ मध्ये प्राचार्य आणि परीक्षक यांच्यात जे अंतर होते, ते आता खूप कमी झाले आहे. शिक्षणाच्या दृष्टीने हा बदल चांगला असेलही, कारण शिकवणाऱ्यालाच मुलाची प्रगती कळते. न्यायाच्या दृष्टीने मात्र त्याने जबाबदारी वाढवली.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. आडनावावरून जात ओळखायची सवय आपल्याला आहे आणि जातीवरून मत ओळखायचीही. मराठा आरक्षणाच्या वादात कोण कुठे असेल, भीमा कोरेगावबद्दल कोण काय म्हणेल, हे मुलाने तोंड उघडण्याआधीच शिक्षकाने मनात ठरवलेले असू शकते. मुलगाही सरांच्या आडनावावरून तेच करतो. सादरीकरणाचे गुण देताना हे दोन्ही अंदाज खोलीत हजर असतात, कुणी बोलून दाखवत नाही एवढेच.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. कशाला किती गुण हे आधी लेखी सांगणे: मांडणीला इतके, पुराव्याला इतके, विरुद्ध मताची दखल घेतली का याला इतके. निष्कर्षाला शून्य. चाचणीच्या कागदावर नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहायला लावून त्यावर घडी घालणे. तोंडी परीक्षेला विभागातला दुसरा शिक्षक शेजारी बसवणे. वादग्रस्त विषयावर निबंध दिला, तर स्वतःच्या मताशी जुळणारे पाच आणि न जुळणारे पाच निबंध, आपण दिलेले गुण न सांगता, सहकाऱ्याला तपासायला देऊन गुण ताडून पाहणे. शेवटचा उपाय मला विशेष आवडतो, कारण त्यात शिक्षकाला स्वतःबद्दल काही शिकायला मिळते.

व्यंगचित्र आणि विद्यापीठातला हल्ला

पाठ्यपुस्तक हा वर्गापेक्षा मोठा वर्ग. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातले प्रा. सुहास पळशीकर हे योगेंद्र यादव यांच्यासह एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. २००६ च्या सुमारास ही पुस्तके आली. वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रे, वाद आणि दोन्ही बाजूंचे प्रश्न त्यांत होते. बारावीच्या पुस्तकात आणीबाणीवर परखड प्रकरण होते आणि ते काँग्रेसचे सरकार असताना छापले गेले.

मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून संसदेत वादळ उठले. संविधाननिर्मितीच्या गोगलगाईवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, असे ते चित्र. ११ मे रोजी दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. चित्राने दुखावलेल्यांचे दुःख खोटे नव्हते. चाबकाचे चित्र दलित विद्यार्थ्याला कसे दिसेल हा प्रश्न गंभीर होता आणि तो वर्गात चर्चिला जायला हवा होता. टेबल-खुर्च्या फोडून तो प्रश्न कुणाला समजला नाही.

पुढे २०२३ मध्ये दुसऱ्या सरकारच्या काळात या पुस्तकांतले बरेच भाग गाळले गेले, तेव्हा दोघांनी या पुस्तकांवरून आमची नावे काढा असे एनसीईआरटीला लिहिले. एकाच पुस्तकमालेवर अकरा वर्षांत दोन वेगवेगळ्या दिशांनी दबाव आला. प्राध्यापकाच्या मतावर आक्षेप घेणारे नेहमी एकाच बाजूचे असतात, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून पाहावे.

वर्गातून पोलीस ठाण्यापर्यंत

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यातल्या एका महाविद्यालयातील शिक्षकाचे वर्गातले देवदेवतांबद्दलचे बोलणे मोबाइलवर चित्रित होऊन पसरले. त्यांना निलंबित केले गेले आणि धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली अटक झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे रामलीलेच्या पडद्यामागच्या प्रसंगांवरचे नाटक अभाविपच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडले. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला.

वर्गात कुणाच्या श्रद्धेची टिंगल करणे वाईट आहे. मी वर हशाबद्दल जे लिहिले ते इथेही लागू आहे, आणि शिक्षकाने मोजून-मापून बोलावे ही अपेक्षा चुकीची नाही. पण चुकीच्या बोलण्यावरचा उपाय महाविद्यालयात असला पाहिजे: विद्यार्थ्याने उभे राहून विचारावे, विभागप्रमुखांकडे जावे, चौकशी व्हावी, शिक्षकाची बाजू ऐकावी. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून अटक होते, तेव्हा बाकीचे शिक्षक काय शिकतात? वादग्रस्त प्रकरण आले की 'हे तुम्ही घरी वाचून या' म्हणायला शिकतात. मग कुठल्याच बाजूच्या विद्यार्थ्याला ते प्रकरण शिकायला मिळत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या काश्मिरी प्राध्यापकाचा खटला तर सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसवर कलम ३७० रद्द झाल्याचा दिवस काळा दिवस म्हटला आणि पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. पालक आणि शिक्षकांच्या गटात ते सदस्य होते. हातकणंगले पोलिसांनी गटांमध्ये वैर पसरवल्याचा गुन्हा नोंदवला, उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे आणि शब्दांचा परिणाम विवेकी माणसाच्या मापाने मोजायचा, दुबळ्या मनाच्या माणसाच्या नव्हे, असे त्यांनी सांगितले. पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याची जाण देण्याची वेळ आली आहे, असेही म्हटले.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकी शाखेच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टबद्दल अटक झाली आणि महाविद्यालयाने तिला काढून टाकले. तिने पोस्ट हटवून माफीही मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि महाविद्यालयाचा आदेश थांबवून परीक्षेची वाट मोकळी केली. एकशेवीस वर्षांपूर्वीच्या दहा रुपये दंडाच्या मानाने ही शिक्षा कितीतरी मोठी होती.

नियमांत काय लिहिले आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शिक्षकांसाठी आचारसंहिता आहे. विद्यार्थ्याच्या मत मांडण्याच्या हक्काचा आणि प्रतिष्ठेचा मान राखावा. धर्म, जात, लिंग यांबरोबरच त्याची राजकीय पार्श्वभूमी न पाहता न्यायाने वागावे. मूल्यमापनात फक्त त्याची शैक्षणिक कामगिरी पाहावी. कुणाशीही सूडबुद्धीने वागू नये. विद्यार्थ्यांना इतर विद्यार्थी, सहकारी वा प्रशासन यांच्याविरुद्ध चिथावू नये, अशा आशयाच्या अपेक्षा त्यात आहेत. शिक्षकाला मत नसावे असे त्यात कुठेही नाही. या संहितेची प्रत प्रत्येक विभागाच्या फलकावर मराठीतून लागायला हवी.

जर्मनीत नाझी काळाच्या अनुभवातून या प्रश्नाचा फार खोल विचार झाला. १९७६ मध्ये बोइटेल्सबाख गावी भरलेल्या बैठकीतून तीन तत्त्वे पुढे आली आणि तिथल्या नागरिकशास्त्राच्या शिक्षणात ती रुजली. विद्यार्थ्यावर मत लादून त्याचा स्वतंत्र निर्णय दडपू नये. समाजात आणि ज्ञानक्षेत्रात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हित ओळखून राजकारणात भाग घेता येईल इतके सक्षम करावे. तिसऱ्या तत्त्वाकडे आपण सहज दुर्लक्ष करतो. मुलाला राजकारणापासून दूर ठेवणे हा तिथे हेतूच नाही.

बोलायला मोकळे कोण?

ही सगळी चर्चा कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला समोर ठेवून होते. पुण्यातल्या महाविद्यालयांत आज तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तासामागे ठरलेले मानधन, तेही अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील याची खात्री नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेली ही माणसे इतिहास आणि राज्यशास्त्राचेही तास घेतात. एका पालकाच्या फोनवर, एका स्थानिक पुढाऱ्याच्या नाराजीवर त्यांचे काम जाऊ शकते. त्यांच्याकडून दोन्ही बाजू धीटपणे मांडण्याची अपेक्षा करायची, तर त्यांना नोकरीची शाश्वती द्यावी लागेल. संस्थाचालक स्वतः आमदार-खासदार असतात, हे महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको. अशा संस्थेत शिक्षकावर कुणाच्या मताचे वजन पडते, ते उघड आहे, आणि वर्गातल्या पक्षपाताची चर्चा करताना आपण बिचाऱ्या सरांच्या मतावर जेवढा वेळ घालवतो तेवढा या वजनावर घालवत नाही, याचे मला वाईट वाटते.

तक्रार करायची असेल तर

आधी शिक्षकाशी बोलावे, शक्यतो लिहून: कोणत्या तारखेला, कोणत्या तासाला, काय झाले. सरांचे मत पटत नाही ही तक्रार होत नाही. सरांनी बोलू दिले नाही, अपमान केला, निकष न सांगता गुण कापले, ही तक्रार होते. वर्गातल्या दोघा-तिघांनी, त्यांत सरांच्या मताचा एखादा विद्यार्थीही असेल तर उत्तम, सही केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता वाढते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे. मूल्यमापनातला अन्यायही तिच्या कक्षेत येतो. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते आणि लोकपालाने साधारण ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अंतर्गत गुणांची तक्रार निकाल विद्यापीठाकडे जाण्याआधी केली तर दुरुस्ती सोपी जाते. म्हणून चाचणीचे तपासलेले कागद आणि गुणांचा तक्ता सत्र संपण्याआधी मागून पाहावा. समितीवर कोण आहे, लोकपाल कोण आहेत, त्यांचा पत्ता काय, हे महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात छापणे बंधनकारक आहे. प्रवेश घेतानाच ते पान वाचून ठेवावे.